इसब आणि मांजराचे वावडे : एका वैद्यकीय संकल्पनेचा इतिहास

इसबाने त्रस्त असलेल्या मुलाच्या घरी मांजर आहे, आणि मुलाच्या रक्तात मांजराच्या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडले आहेत, असा प्रसंग चिकित्सकापुढे वारंवार येतो. आईबापांचा प्रश्न साधा असतो : मांजर घरातून काढावे काय? प्रश्न साधा असला, तरी त्याच्या उत्तरात एक जुना वाद दडलेला आहे. रोगाचे मूळ बाहेरच्या पदार्थात मानावे, रोग्याच्या अंतर्गत प्रकृतीत मानावे, की या दोहोंच्या सीमेवर असलेल्या त्वचेत मानावे, हा तो वाद होय. गेल्या पावणेदोनशे वर्षांत या वादाचा निकाल कधी एका बाजूने, तर कधी दुसऱ्या बाजूने लागल्यासारखा वाटला, आणि बहुधा प्रत्येक वेळी त्या निकालाबरोबर एक नवी संज्ञा रूढ झाली. संज्ञा रूढ झाली की तिने गृहीत धरलेला सिद्धान्तही नकळत रूढ होतो, आणि पुढील पिढी त्याला वस्तुस्थिती समजू लागते. पाळीव प्राण्यांपासून उद्भवणारी ॲलर्जी आणि इसब यांच्या संबंधाचा इतिहास प्रस्तुत लेखात याच दृष्टीने पाहावयाचा आहे.

१. व्हिएन्ना आणि पॅरिस

‘एक्झिमा’ हा शब्द ‘उकळून वर येणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आला आहे. सहाव्या शतकात अमिदा येथील एटियस या वैद्याच्या लेखनात तो आढळतो. या नावात रोगाच्या कारणाचा काहीही निर्देश नाही. त्वचेवर पाणीदार पुरळ उठतो व तो लसलसतो, एवढेच त्यात सांगितले आहे. लंडनमध्ये रॉबर्ट विलन याने १८०८ मध्ये आणि त्याचा शिष्य टॉमस बेटमन याने १८१३ मध्ये त्वचारोगांचे दृश्य लक्षणांवरून वर्गीकरण केले. त्यांतून या शब्दाला आधुनिक वैद्यकात स्थान मिळाले, पण त्याचे वर्णनात्मक स्वरूप तसेच राहिले.

कारणमीमांसेचा वाद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उभा राहिला. व्हिएन्ना येथील फर्डिनांड हेब्रा याचे मत असे की, इसब हा मुख्यतः त्वचेचाच विकार असून बाह्य उत्तेजक पदार्थ त्याला कारणीभूत होतात. जमालगोट्याचे तेल निरोगी त्वचेला लावून त्याने इसबासारखा विकार कृत्रिम रीतीने उत्पन्न करून दाखविला. याच्या उलट पॅरिसमधील वैद्यांचा भर ‘डायाथेसिस’वर, म्हणजे रोग्याच्या अंगभूत प्रवृत्तीवर होता. त्या परंपरेतील एर्नेस्त बेनिए याने १८९२ मध्ये तीव्र खाज असणाऱ्या एका जुनाट त्वचाविकाराचे वर्णन केले. हा विकार कुटुंबात चालत येतो आणि त्याच रोग्यांना पुष्कळदा दमा व परागज्वर हेही होतात, असे त्याने नोंदविले. त्याच्या दृष्टीने त्वचेवरील पुरळ हा दुय्यम होता, आणि खाज व प्रवृत्ती या मूळ होत्या.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ‘डायाथेसिस’ हाच शब्द ग्रीक वैयाकरणांनी क्रियापदाच्या प्रयोगासाठी, म्हणजे क्रियेतील कर्तृत्व कोणाकडे आहे हे दाखविणाऱ्या रूपासाठी वापरला होता. इसबाच्या इतिहासातील वादही कर्तृत्वाचाच आहे : येथे कर्ता कोण, बाहेरचा पदार्थ की रोग्याचे शरीर?

२. प्राण्यांकडे लक्ष कसे गेले

मांजराच्या सान्निध्यात काही माणसांना धाप लागते, ही गोष्ट वैद्यकीय ग्रंथांत तपशिलाने मांडणाऱ्यांत लंडनचा हेन्री हाइड सॉल्टर हा प्रमुख होय. तो स्वतः दमेकरी होता. दम्यावरील त्याचा ग्रंथ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला. त्या सुमाराच्या त्याच्या लेखनात प्राण्यांच्या सान्निध्याने, विशेषतः मांजरामुळे उद्भवणाऱ्या दम्याचे वर्णन आहे, आणि मांजराने ओरबाडलेल्या जागी अशा माणसांच्या त्वचेवर गांध उठते, हेही त्याने टिपले आहे. तेव्हा प्राण्याशी येणाऱ्या संबंधाचा परिणाम श्वासनलिका आणि त्वचा या दोन्ही ठिकाणी दिसतो, ही जाणीव त्या काळापासून आहे. पुढे १८७३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने ओरखडा काढलेल्या स्वतःच्या त्वचेवर परागकण लावून गांध उठते असे दाखविले. आज प्रचलित असलेल्या त्वचाचाचणीचा उगम या प्रयोगात आहे.

तथापि गांध म्हणजे इसब नव्हे. गांध काही मिनिटांत उठते आणि काही तासांत मावळते. इसब दिवसांच्या गतीने वाढतो आणि महिनोन् महिने राहतो. या दोन प्रतिक्रियांतील कालभेद पुढे दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला, आणि बऱ्याच घोटाळ्याचे मूळ या दुर्लक्षात आहे.

३. ‘ॲलर्जी’ आणि ‘अटोपी’

१९०२ मध्ये शार्ल रिशे व पोल पोर्तिए यांनी असे दाखविले की, विषारी द्रव्याची पहिली मात्रा टोचल्यावर प्राणी सुरक्षित होण्याऐवजी कधीकधी इतका संवेदनशील होतो, की नंतरची अल्प मात्राही त्याचा जीव घेते. शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरालाच घातक ठरू शकते, हा विचार तत्कालीन शास्त्रज्ञांना विलक्षण वाटला. त्यातील विसंगती दूर करण्यासाठी व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडविला. ‘अन्य’ आणि ‘कार्य’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. बाह्य पदार्थाशी एकदा संबंध आल्यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते, आणि हा बदल हितकर असो वा अहितकर, तो ‘ॲलर्जी’च होय, असा पिर्केला अभिप्रेत असलेला अर्थ होता. संज्ञा तटस्थ होती. परंतु रूढीने तिचा अर्थसंकोच झाला, आणि केवळ अपायकारक प्रतिक्रियेलाच हे नाव उरले.

या प्रतिक्रियेचे वाहन रक्तात आहे, हे १९२१ मध्ये कार्ल प्राउस्निट्झ व हाइन्झ क्युस्टनर यांनी सिद्ध केले. क्युस्टनरला मासळीचे वावडे होते. त्याचा रक्तरस प्राउस्निट्झने स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी मासळीचा अर्क टोचला. तेथे तत्काळ गांध उठली. एका माणसाचे वावडे दुसऱ्याच्या त्वचेत काही काळापुरते उतरविता आले. रक्तरसातील या अज्ञात द्रव्याला पुढे ‘रिअजिन’ म्हणू लागले.

अमेरिकेत आर्थर कोका व रॉबर्ट कुक यांनी १९२३ मध्ये अतिसंवेदनशीलतेच्या सर्व प्रकारांचे वर्गीकरण केले. परागज्वर व दमा यांत दिसणाऱ्या आनुवंशिक प्रकाराला त्यांना स्वतंत्र नाव हवे होते. कोलंबिया विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक एडवर्ड पेरी यांनी ‘अटोपी’ हा शब्द सुचविला. ‘टोपॉस’ म्हणजे स्थान. ‘अटोपिया’ म्हणजे अस्थानी असणे, चमत्कारिकपणा. यंत्रणा अज्ञात होती, आणि शब्दाने ते अज्ञान प्रामाणिकपणे मान्य केले होते.

दहा वर्षांनी, १९३३ मध्ये, न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ फ्रेड वाइझ व मॅरिअन सल्झबर्गर यांनी बेनिएने वर्णिलेल्या इसबाला ‘अटोपिक डर्मटायटिस’ हे नाव दिले. कुटुंबात चालत येणारा दमा, परागज्वर आणि हा इसब यांचे साहचर्य त्यांच्या ध्यानात आले होते, आणि ते साहचर्य खरेच होते. परंतु नाव देताच साहचर्याला कार्यकारणभावाचे रूप आले. ज्या यंत्रणेने परागकणांमुळे शिंका येतात, त्याच यंत्रणेने मांजराच्या कोंड्यामुळे इसब होत असला पाहिजे, असे गृहीत धरले जाऊ लागले. पॅरिसची प्रवृत्ती रक्तरसात स्थिर झाली, आणि हेब्राची त्वचा मागे पडली.

४. रिअजिनचा शोध आणि एक अडचण

रिअजिन म्हणजे काय, हे कळण्यास आणखी तीन दशके जावी लागली. १९६६ मध्ये डेन्व्हर येथे किमिशिगे व तेरुको इशिझाका या दांपत्याने, आणि १९६७ मध्ये उप्सालात यूहान्सन व बेनिश यांनी, स्वतंत्र मार्गांनी एका नव्या प्रकारच्या प्रतिपिंडाचा शोध लावला. १९६८ मध्ये त्याला ‘इम्युनोग्लोब्युलिन ई’, संक्षेपाने ‘आयजीई’, हे नाव निश्चित झाले. १९६९ मध्ये अटोपिक इसबाच्या रोग्यांच्या रक्तात हे प्रतिपिंड पुष्कळ वाढलेले असते असे प्रसिद्ध झाले, तेव्हा १९३३ च्या नामकरणाला भक्कम आधार मिळाला असे वाटणे साहजिक होते.

अडचण अशी होती की, सर्व रोग्यांत तसे आढळेना. हुबेहूब तोच इसब असलेल्या रोग्यांपैकी बऱ्याच जणांत आयजीईचे प्रमाण सामान्य होते आणि कोणत्याही पदार्थाविरुद्ध विशिष्ट आयजीई सापडत नव्हते. उलट, रक्तात मांजराविरुद्धचे आयजीई भरपूर असूनही त्वचा निर्मळ असलेली माणसेही होती. म्हणजे हे प्रतिपिंड असणे हे इसब होण्यास पुरेसे नव्हते आणि आवश्यकही नव्हते. संज्ञा मात्र दोघांना एकत्र बांधून उभी होती.

५. मांजराच्या प्रथिनाचे नामकरण

या सुमारास दुसऱ्या बाजूचे, म्हणजे प्राण्याकडून येणाऱ्या पदार्थाचे संशोधन पुढे सरकले. १९७० नंतरच्या दशकात जॉन ओमन व त्याच्या सहकाऱ्यांनी मांजराचे प्रमुख ॲलर्जीकारक प्रथिन वेगळे केले. १९८६ मध्ये अशा प्रथिनांच्या नावांची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली : प्राण्याच्या किंवा वनस्पतीच्या शास्त्रीय नावातील प्रजातीची पहिली तीन अक्षरे, जातीचे एक अक्षर आणि नंतर क्रमांक. या पद्धतीने मांजराचे प्रथिन ‘फेल डी १’ आणि कुत्र्याचे प्रथिन ‘कॅन एफ १’ झाले. ‘फेल डी’ मधील ‘डी’ हे अक्षर ‘फेलिस डोमेस्टिकस’ या नावातील आहे. मांजराचे मान्य शास्त्रीय नाव ‘फेलिस कॅटस’ असले, तरी प्रथिनाच्या नावात जुने अक्षर कायम राहिले आहे.

१९९१ मध्ये फेल डी १ ची रचना जनुकापर्यंत उलगडली. हे प्रथिन मांजराच्या केसांत मुळात नसते. ते त्वचेतील स्नेहग्रंथींत व लाळेत तयार होते आणि अंग चाटण्याच्या सवयीने केसांवर पसरते. सुकल्यावर ते अतिसूक्ष्म कणांवर बसून हवेत दीर्घकाळ तरंगते, आणि कपड्यांना चिकटून शाळांत व मांजर नसलेल्या घरांतही पोचते. मांजर घरातून काढल्यानंतर धुळीतील फेल डी १ चे प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली येण्यास बहुतेक घरांत २० ते २४ आठवडे लागतात, असे १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात आढळले. कुत्र्याच्या बाबतीत एकाच प्रथिनाचे असे प्राबल्य नाही. २००९ मध्ये वर्णिलेले ‘कॅन एफ ५’ हे तर नर कुत्र्याच्या पुरःस्थ ग्रंथीत तयार होते. त्यामुळे केवळ याच प्रथिनाला संवेदित असलेल्या माणसाला कुत्री चालते, पण कुत्रा चालत नाही, असे घडू शकते. ‘कुत्र्याची ॲलर्जी’ हे एकच नाव किती भिन्न गोष्टींना झाकते, हे यावरून कळून येईल.

६. कालभेदाचे कोडे

गांध आणि इसब यांच्या कालभेदाचा उलगडा पेशींच्या अभ्यासातून झाला. १९८६ मध्ये ब्रौन्झेल-कोमेन हिच्या गटाने असे दाखविले की, अटोपिक इसबाच्या त्वचेतील लांगरहान्स पेशींच्या पृष्ठभागावर आयजीई चिकटलेले असते. या पेशी बाह्य पदार्थ पकडून तो टी-पेशींपुढे मांडतात. म्हणजे जे प्रतिपिंड मिनिटांत गांध उठविते, तेच धुळीतील किंवा कोंड्यातील प्रथिन पकडून दिवसांच्या गतीने चालणारी पेशीजन्य प्रतिक्रियाही सुरू करू शकते. त्याच वर्षी मॉसमन व कॉफमन यांनी उंदरांतील साहाय्यक टी-पेशींचे दोन प्रकार वर्णिले. पुढे असे दिसून आले की, इसबाच्या सुरुवातीच्या अवस्थेत यांपैकी दुसऱ्या प्रकारच्या पेशी व त्यांनी स्रवलेली इंटरल्यूकिन-४ आणि १३ ही द्रव्ये प्रबळ असतात, आणि विकार जुना होताच पहिल्या प्रकारच्या पेशीही त्यात सामील होतात.

मांजराचा कोंडा किंवा धुळीतील माइट यांचा अर्क पट्टीखाली त्वचेवर ठेवून एक-दोन दिवसांनी ती जागा तपासण्याची रीतही प्रचारात आली. काही रोग्यांत त्या जागी इसबासारखाच पुरळ उठतो. या चाचणीचा निष्कर्ष आणि रक्तातील आयजीई यांचा मेळ प्रत्येक वेळी बसत नाही. एकाच पदार्थाला एकाच शरीराकडून दोन वेगळी उत्तरे मिळू शकतात, एक मिनिटांचे आणि एक दिवसांचे, हे त्यावरून स्पष्ट झाले.

७. त्वचेचे पुनरागमन

१९८१ मध्ये त्वचेतील एका प्रथिनाला ‘फिलॅग्रिन’ हे नाव मिळाले. पेशींतील तंतूंना एकत्र बांधणारे प्रथिन, या वर्णनाच्या इंग्रजी शब्दांचा तो संक्षेप आहे. पंचवीस वर्षे या नावाची चर्चा त्वचेच्या रचनेपुरतीच राहिली. २००६ मध्ये डंडी विद्यापीठातील अर्विन मॅकलीन व त्याच्या सहकाऱ्यांनी असे प्रसिद्ध केले की, या प्रथिनाच्या जनुकातील उत्परिवर्तने अटोपिक इसबाची शक्यता पुष्कळ वाढवितात. युरोपीय वंशाच्या लोकांत दोन उत्परिवर्तने विशेष आढळली. आशियाई लोकांत पुढे निराळी उत्परिवर्तने सापडली. उत्परिवर्तन असलेल्या सर्वांना इसब होत नाही, आणि इसब असलेल्या सर्वांत उत्परिवर्तन नसते; तरीही विचाराची दिशा बदलली. रोगाचा सर्वांत बलवान आनुवंशिक दुवा रोगप्रतिकाराच्या जनुकांत न सापडता त्वचेच्या तटबंदीत सापडला होता. आता क्रम उलटा मांडता येऊ लागला : प्रथम त्वचेचा अडसर ढिला होतो, त्यातून बाहेरची प्रथिने आत शिरतात, आणि मग शरीर त्यांच्याविरुद्ध आयजीई बनविते. ज्याला कारण मानले होते, ते कित्येक रोग्यांत परिणाम असण्याचा संभव होता.

२००८ मध्ये हान्स बिसगार्ड व त्याच्या सहकाऱ्यांनी कोपनहेगन येथील बालकांच्या अभ्यासातून या विचाराला पूरक पुरावा दिला, आणि मँचेस्टरच्या बालकांतही तसेच आढळले. फिलॅग्रिनचे उत्परिवर्तन असलेल्या बालकाच्या घरी जन्माच्या वेळी मांजर असल्यास इसबाची शक्यता विशेष वाढत होती; कुत्र्याच्या बाबतीत तसा परिणाम दिसला नाही. मांजर आणि त्वचा यांपैकी एकट्या कोणाकडे कर्तृत्व देता येत नव्हते. दोघांच्या संयोगाने ते घडत होते. हेब्रा आणि बेनिए यांचा वाद अशा रीतीने दोघांनाही अंशतः न्याय देऊन नव्या भूमीवर आला.

याच इतिहासाची एक विरुद्ध बाजूही आहे. २००१ मध्ये टॉमस प्लॅट्स-मिल्स व त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्या मुलांचा मांजराशी फार निकट संबंध येतो, त्यांतील बऱ्याच मुलांच्या रक्तात फेल डी १ विरुद्ध आयजीई नसून ‘आयजीजी’ व विशेषतः ‘आयजीजी-४’ हे प्रतिपिंड असतात. त्यांचे शरीर मांजराला ओळखते, पण त्याच्याशी भांडत नाही. श्वासावाटे व नित्य सहवासातून होणारी ही ओळख आणि फुटलेल्या त्वचेतून होणारी ओळख यांचा परिणाम एकच असेल असे मानण्यास आधार नाही. येथे पिर्केचा मूळ अर्थ, म्हणजे हितकर वा अहितकर असा कोणताही बदल, पुन्हा उपयोगी पडतो.

८. संज्ञेची दुरुस्ती आणि प्रश्नाचे उत्तर

या सर्व संशोधनाचा ताण अखेर नावावर आला. आयजीईच्या संशोधकांपैकी एक असलेल्या यूहान्सन यांच्याच अध्यक्षतेखाली जागतिक ॲलर्जी संघटनेच्या समितीने २००३ मध्ये सुचविले की, विकाराचे सामान्य नाव ‘एक्झिमा’ एवढेच असावे, आणि आयजीईचा संबंध सिद्ध झाला तरच त्याला ‘अटोपिक’ हे विशेषण लावावे. सूचना तर्कशुद्ध होती. तथापि चिकित्सकांच्या व्यवहारात १९३३ चे नावच आजही सर्रास चालते. रूढ शब्दाची शक्ती येथे दिसून येते.

औषधांनी दिलेली साक्षही याच दिशेची आहे. आयजीईला निष्प्रभ करणारे ओमॅलिझुमॅब हे औषध २००३ मध्ये अमेरिकेत दम्यासाठी मान्य झाले. इसबावर त्याचे परिणाम विसंगत ठरले. इंटरल्यूकिन-४ व १३ यांचा मार्ग अडविणारे डुपिलुमॅब २०१७ मध्ये इसबासाठी मान्य झाले, आणि आयजीई वाढलेले असो वा नसो, दोन्ही प्रकारच्या रोग्यांत त्याचा गुण दिसला.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळता येईल. मांजराविरुद्धचे आयजीई सापडले, याचा अर्थ शरीराने मांजराला ओळखले आहे, एवढाच होतो. मांजराच्या सान्निध्यात त्या मुलाला शिंका, दमा किंवा गांधी यांचा त्रास होत असेल, अथवा संपर्कानंतर इसब चिघळत असल्याचे निरीक्षणाने दिसत असेल, तर मांजर दूर ठेवण्यास आधार आहे, आणि त्याचे फळ दिसण्यास कित्येक महिने लागतील हेही सांगितले पाहिजे. असे काहीच दिसत नसेल, तर केवळ कागदावरील आकड्यावरून मांजराला घालवून त्वचेची निगा तशीच दुर्लक्षित ठेवणे म्हणजे १९३३ च्या संज्ञेवर अवाजवी विश्वास टाकणे होय.

या संदर्भात मराठीतील ‘वावडे’ हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. हिंदीत ‘ॲलर्जी’साठी घडविलेली ‘प्रत्यूर्जता’ ही संज्ञा मूळ ग्रीक घडणीची छाया धरून चालते. ‘वावडे’ मात्र यंत्रणेविषयी काहीच सांगत नाही. ‘अमक्याला अमक्याचे वावडे आहे’ या वाक्यात माणूस व वस्तू असे दोन पक्ष लागतात, आणि दोष कोणा एकाकडे जात नाही. आयुर्वेदातील ‘असात्म्य’ ही संज्ञाही अशीच संबंधवाचक आहे. शास्त्राला सूक्ष्म परिभाषा हवी, यात वाद नाही. परंतु इसबाच्या इतिहासाने जी गोष्ट शतकभराच्या वळणांनंतर मान्य केली, म्हणजे रोग हा पदार्थ व प्रकृती यांच्या संबंधात असतो, ती बोलीतील या शब्दाने आधीपासून जपलेली आहे.